आजोळची जर्सी

३० जानेवारी २०२२, रविवार. म्हाळुंगे-बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलातलं मैदान सज्ज होतं आणि भोवतालच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. करोनाची तिसरी लाट चालू होती, त्यामुळे महिलांच्या आशियाई करंडकाचे सामने प्रेक्षकांविना खेळवले जात होते. शेजारच्या हायवेवरून मुंबईकडे गाड्या नेहमीसारख्या धावत होत्या. आत फिलिपिन्स आणि चायनीज तैपेई (म्हणजे तैवान) या दोन संघांचा उपांत्यपूर्व सामना चालू होता. जिंकणाऱ्याला उपांत्य फेरी मिळणार होती आणि सोबत २०२३च्या विश्वचषकाचं थेट तिकीट. फिलिपिन्सने फुटबॉलचा विश्वचषक तोवर कधीच खेळला नव्हता. पुरुषांनीही नाही, महिलांनीही नाही.

उत्तरार्ध सुरू होताच क्विन्ली केझादाने फिलिपिन्सचा गोल केला. शेवटची दहाएक मिनिटं उरली असताना तैपेईने बरोबरी साधली. जादा वेळेतही कोंडी फुटली नाही आणि सामना पेनल्टी शूटआऊटवर गेला. फिलिपिन्सची गोलरक्षक ऑलिव्हिया मॅकडॅनियलने समोरच्यांच्या किक अडवल्या, मग हातमोजे घातलेल्या त्याच मुलीने पुढे येऊन स्वतःची किकही जाळ्यात मारली. निर्णायक किकसाठी सरीना बोल्डेन चालत आली. तिने चेंडू ठेवला, मारला, आणि ४-३ अशा फरकाने फिलिपिन्स विश्वचषकात पोचलं. मैदानाच्या मधोमध निळ्या-लाल-पांढऱ्या झेंड्याभोवती मुलींचा ढीग झाला. अकरा कोटी लोकसंख्येच्या देशाच्या फुटबॉलमधला सर्वात मोठा क्षण पुण्यात, रिकाम्या खुर्च्यांसमोर घडला. शहराने त्याची फारशी दखल घेतली नाही, ही खंत हा विषय हाती घेण्यामागे आहेच.

पण खरं कुतूहल दुसऱ्या गोष्टीचं आहे. ज्या मुलींनी तो क्षण घडवला त्यांतल्या बऱ्याच जणी फिलिपिन्समध्ये जन्मल्या नव्हत्या आणि वाढल्याही नव्हत्या. केझादा कॅलिफोर्नियाची. ऑलिव्हिया आणि तिची बहीण चँडलर, दोघी कॅलिफोर्नियाच्याच. आणि बोल्डेन १९९६ साली कॅलिफोर्नियातल्या सँटा क्लारा इथे जन्मलेली, मिलपिटासमध्ये वाढलेली.

मिलपिटास हे नाव पुण्याला परकं नाही. सॅन होजे आणि फ्रीमाँट यांच्या मधलं हे गाव. कोथरूड, औंध, बाणेर, पिंपळे सौदागर इथल्या कितीतरी घरांतले मुलगे, मुली, सुना, जावई याच पट्ट्यात नोकरीला आहेत. तिथे फिलिपिनो कुटुंबंही मोठ्या संख्येने राहतात. बोल्डेनची आई फिलिपिनो, वडील अमेरिकन. शनिवारी सकाळी गवतावर घडीच्या खुर्च्या टाकून मुलांचे सॉकर सामने बघणारे आईबाप, डिकीत चेंडूंची जाळी, घरी आल्यावर आईच्या भाषेतलं जेवण असं तिथल्या स्थलांतरित घरांचं बालपण असतं. फिलिपिनो घरात त्या जेवणाचं नाव अडोबो असेल, मराठी घरात आमटी-भात. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत आठवड्यातून एकदा बाराखडी गिरवणारी मुलगी आणि सरीना बोल्डेन यांचं लहानपण एकाच रस्त्यावरचं असू शकतं. फरक पडतो तो त्या दोघी मोठ्या झाल्यावर. देशाची जर्सी घालायची वेळ आली की एकीपुढे दार उघडतं आणि दुसरीपुढे मिटतं. या प्रस्तावनेचा विषय तो फरक आहे.

मराठीत आजोळ नावाचा एक सुंदर शब्द आहे. आईचं माहेर ते मुलांचं आजोळ. तिथे जायला मुलांना कुणाची परवानगी लागत नाही, कागद दाखवावे लागत नाहीत आणि वर्षभर तोंड दाखवलं नाही म्हणून कुणी दारात अडवत नाही. फिलिपिन्सच्या फुटबॉलचा इतिहास चाळला तर हा शब्द सारखा मनात येतो, कारण तिथल्या परदेशी वळणाच्या खेळाडूंपैकी कितीतरी जणांचं देशाशी असलेलं नातं आईकडूनच आलेलं आहे.

या परंपरेचा मूळ पुरुष पाउलिनो अल्कांतारा. १८९६ साली इलोइलोमध्ये जन्म, आई फिलिपिनो, वडील स्पॅनिश. लहानपणीच घर बार्सिलोनाला गेलं आणि मुलगा तिथे वाढला. १९१२च्या फेब्रुवारीत, वयाच्या पंधराव्या वर्षी, बार्सिलोना क्लबकडून पहिल्याच सामन्यात त्याने तीन गोल केले. मैत्रीपूर्ण सामने धरून त्याच्या नावावर ३६९ गोल लागले आणि क्लबसाठीचा तो आकडा २०१४ साली मेस्सीने ओलांडेपर्यंत टिकला. मधल्या काळात कुटुंब फिलिपिन्सला परतलं, तेव्हा १९१७ साली टोकियोत भरलेल्या अतिपूर्वेच्या क्रीडास्पर्धेत तो फिलिपिन्सकडून खेळला. त्या स्पर्धेत जपानचा १५-२ असा पराभव झाला. जपानच्या आजच्या ताकदीकडे पाहिलं तर आकडा छापताना चूक झाली असावी असं वाटतं, पण आकडा बरोबर आहे. पुढे अल्कांतारा डॉक्टर झाला आणि स्पेनकडूनही खेळला. त्या काळी देशांच्या नोंदी आजच्याइतक्या करकचून बांधलेल्या नव्हत्या.

त्यानंतर फिलिपिन्समध्ये फुटबॉल मागे पडला. अमेरिकी राजवटीबरोबर आलेला बास्केटबॉल गल्लीबोळांत शिरला, तो आजवर तिथेच आहे. २००६ साली पुरुषांचा संघ फिफाच्या क्रमवारीत १९५वा होता. तिथून वर यायला त्या देशाने आपली माणसं जिथे पांगली होती तिथे शोधायला सुरुवात केली. फिलिपिन्सबाहेर राहणाऱ्या फिलिपिनोंची संख्या सुमारे एक कोटी सांगितली जाते. परिचारिका, खलाशी, घरकाम करणाऱ्या बायका, अभियंते. त्यांनी घरी धाडलेल्या पैशावर तिथली अर्थव्यवस्था उभी आहे. त्यांची मुलं इंग्लंड, जर्मनी, नॉर्वे, अमेरिका, ऑस्ट्रेलिया इथल्या क्लबांत फुटबॉल शिकत होती. चेल्सीच्या अकादमीत वाढलेले फिल आणि जेम्स यंगहजबंड हे भाऊ संगणकावरच्या फुटबॉल खेळामुळे सापडले, ही गोष्ट तिथे घराघरांत सांगतात. त्या खेळाच्या माहितीसाठ्यात त्यांच्या नावापुढे फिलिपिन्सही लिहिलेलं होतं, ते एका खेळणाऱ्याच्या नजरेस पडलं आणि त्याने महासंघाला कळवलं. आई फिलिपिनो, वडील इंग्लिश. जर्मनीत श्वाइनफुर्टला जन्मलेला स्टीफन श्र्योक याचीही आई फिलिपिनो. एनफील्डमध्ये जन्मलेला गोलरक्षक नील एथरिज याचीही.

डिसेंबर २०१०मध्ये अशाच खेळाडूंच्या संघाने हनोईत व्हिएतनामला त्यांच्याच मैदानावर २-० असं हरवलं. तोवर आग्नेय आशियात ज्यांना कुणी मोजत नव्हतं, त्यांनी तिथल्या स्पर्धेच्या गतविजेत्यांना हरवल्यावर मनिलात फुटबॉलची चर्चा सुरू झाली. संघाचं टोपणनाव तेव्हा ‘अझकाल्स’ होतं. रस्त्यावरच्या बेवारस, मिश्र जातीच्या कुत्र्यासाठी तिथे वापरला जाणारा शब्द वळवून हे नाव घेतलेलं. अर्धे इथले, अर्धे तिथले म्हणून कुणी हिणवण्याआधी त्या मुलांनी तो शब्द स्वतःच अंगावर मिरवला. एथरिज पुढे कार्डिफ सिटीबरोबर इंग्लिश प्रीमियर लीगमध्ये पोचला. ऑगस्ट २०१८मध्ये तिथे खेळणारा तो पहिला फिलिपिनो ठरला आणि पहिल्याच सामन्यात त्याने बोर्नमथच्या कॅलम विल्सनची पेनल्टी अडवली.

हे सगळं शक्य झालं ते कायद्यामुळे. फिलिपिन्सच्या १९८७च्या राज्यघटनेनुसार आई किंवा वडील यांच्यापैकी एक जण नागरिक असेल तर मूल जन्मतःच नागरिक ठरतं, मग जन्म कुठल्याही इस्पितळात होवो. २००३ साली आणखी एक कायदा झाला. परदेशी नागरिकत्व घेतल्यामुळे ज्यांचं मूळ नागरिकत्व गेलं होतं त्यांना ते परत मिळू लागलं आणि नवं सोडावंही लागेना. मिलपिटासच्या मुलीला मनिलासाठी खेळताना अमेरिकेचा पासपोर्ट परत करावा लागला नाही. आपण कोण, या प्रश्नाचं एकच उत्तर तिच्याकडून कुणी मागितलं नाही.

बोल्डेन लॉस एंजेलिसच्या लॉयोला मेरीमाउंट विद्यापीठाकडून खेळली. फिलिपिन्सच्या महासंघाने कॅलिफोर्नियातच निवड शिबिरं भरवायला सुरुवात केली होती, कारण फुटबॉल खेळणाऱ्या फिलिपिनो मुली तिथेच मोठ्या संख्येने होत्या. २०१८ साली जॉर्डनमधल्या आशियाई करंडकात ती संघात होती. तिथे विश्वचषकाची संधी थोडक्यात हुकली, पाचव्या क्रमांकासाठीच्या सामन्यात दक्षिण कोरियाने ५-० असा पराभव केला. अमेरिकेतल्या मोठ्या लीगचं दार तिच्यासाठी उघडलं नव्हतं. मग ती तैवानमध्ये ताइचुंग ब्लू व्हेल या क्लबकडून खेळली, नंतर जपानमध्ये सैतामाच्या चिफुरे एल्फेनकडून. म्हणजे बालेवाडीत ज्या संघाविरुद्ध तिने निर्णायक किक मारली, त्याच्या देशातल्या लीगचं पाणी ती आधी प्यायली होती. तारांकित कारकिर्दींच्या चरित्रांत ही असली वर्षं दोन ओळींत उरकतात. खरं तर खेळाडू घडतो तो याच वर्षांत: अनोळखी भाषा, छोटा पगार, भाड्याची खोली आणि आठवड्याला एक सामना.

२०२१च्या अखेरीस ऑस्ट्रेलियाचे अॅलन स्टायचिच फिलिपिन्सचे प्रशिक्षक झाले. ऑस्ट्रेलियाच्या महिला संघाचं प्रशिक्षकपद त्यांच्याकडून २०१९च्या जानेवारीत काढून घेण्यात आलं होतं. संघव्यवस्थापक जेफरसन चेंग यांच्या पाठबळावर कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनमध्ये लांबलचक शिबिर झालं आणि तिथून संघ भारतात उतरला. गटात थायलंडवर १-० असा विजय, गोल चँडलर मॅकडॅनियलचा. मग ऑस्ट्रेलियाकडून ४-० असा मार. मग इंडोनेशियावर ६-०. आणि मग बालेवाडी. त्याच रविवारी बालेवाडीतच ऑस्ट्रेलियाचा संघ दक्षिण कोरियाकडून १-० असा हरून स्पर्धेबाहेर गेला, आणि ज्या प्रशिक्षकाला ऑस्ट्रेलियाने बाजूला केलं होतं त्याचा संघ विश्वचषकात पोचला.

या कहाणीत भारताच्या मुलीही आहेत आणि त्यांच्या आठवणीने जीव तुटतो. स्पर्धेचं यजमानपद आपल्याकडे होतं. इराणविरुद्धचा पहिला सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. दुसरा सामना २३ जानेवारीला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर याच चायनीज तैपेईशी होता. संघात करोनाची लागण इतकी पसरली होती की मैदानात उतरवायला पुरेशा खेळाडूच उरल्या नाहीत. सामना झाला नाही आणि भारत स्पर्धेतून बाद झाला. ज्या संघाशी खेळायची आपल्या मुलींची संधी हुकली, त्याच संघाला हरवून आठवड्याभरात फिलिपिन्सने इतिहास घडवला.

आता त्याच बालेवाडीतली दुसरी गोष्ट.

पुण्याचा पहिला व्यावसायिक फुटबॉल क्लब म्हणजे पुणे एफसी. अशोक पिरामल समूहाने तो २००७ साली उभा केला. बालेवाडी हे त्याचं घर. या क्लबच्या मधल्या फळीत २००९पासून एक खेळाडू दिसू लागला. चण लहान, पाय हलके, चेंडूवर हुकमत. नाव अराता इझुमी. जन्म ३१ जुलै १९८२, जपानच्या यामागुची प्रांतातलं शिमोनोसेकी हे बंदर. आई जपानी, वडील गुजराती भारतीय. म्हणजे बोल्डेनच्या गोष्टीची ही उलटी बाजू: तिचा देश आईचा, याचा बापाचा.

इझुमी सिंगापूरच्या लीगमध्ये खेळून २००६ साली भारतात आला. आधी कोलकात्याचा ईस्ट बंगाल, मग मुंबईचा महिंद्र युनायटेड, मग पुणे. वडिलांच्या देशात तो खेळत होता, पण परदेशी खेळाडू म्हणून; संघातल्या आशियाई कोट्यातली एक जागा व्यापून. राष्ट्रीय संघाकडून खेळायचं तर भारताचं नागरिकत्व हवं. भारताचं नागरिकत्व हवं तर जपानचं सोडायला हवं. आणि त्याआधी इथे वर्षानुवर्षं राहायला हवं. त्याने ते सगळं केलं. जपानचं नागरिकत्व सोडलं, भारताचं घेतलं, आणि कागदावर त्याचं नाव आलं नीलकंठ खंभोळजा. जर्सीवर मात्र तो अराताच राहिला.

२०१३च्या सुरुवातीला, विम कुव्हरमन्स प्रशिक्षक असताना, भारताची जर्सी त्याच्या अंगावर आली. तेव्हा तो तिशी ओलांडून गेला होता. हा हिशेब नीट पाहायला हवा. भारतात आला तेव्हा वय चोवीसच्या आसपास. फुटबॉलपटूची खरी ताकदीची वर्षं चोवीस ते तीस. ती सगळी वर्षं तो बालेवाडीत, कूपरेजवर, मडगावात, कोलकात्यात खेळला आणि आपल्याच देशासाठी अपात्र ठरला. पदार्पणानंतर त्याच्या वाट्याला मोजके आंतरराष्ट्रीय सामने आले. याउलट बोल्डेनने एकविसाव्या वर्षी फिलिपिन्सकडून आशियाई करंडक खेळला. दोघांच्या गुणवत्तेची तुलना इथे करायची नाही. एकीला आजोळाने हाक मारली तेव्हा तिच्यापुढे सगळी उमेद शिल्लक होती. दुसऱ्याला बापाच्या घरी प्रवेश मिळाला तेव्हा त्याची संध्याकाळ व्हायला आली होती.

तरीही इझुमीने कधी पाठ फिरवली नाही, ही गोष्ट पुणेकरांनी विसरू नये. २०१२-१३च्या आय-लीगमध्ये पुणे एफसी उपविजेता ठरला, चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग. डेरिक परेरा यांच्या हाताखालचा तो संघ शहराने पाहिलेला सर्वोत्तम फुटबॉल संघ होता, आणि त्याच्या मध्यभागी हा शिमोनोसेकीचा माणूस होता. पुढे इंडियन सुपर लीगमध्ये तो कोलकात्याकडून खेळला, २०१६ साली एफसी पुणे सिटीची जर्सी घालून पुन्हा बालेवाडीत उतरला. खेळणं थांबवल्यावर नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनच्या अकादमीत त्याने शिट्टी हातात घेतली आणि भारतातल्या कोवळ्या पोरांना शिकवायला लागला. ज्या देशाने त्याला इतकी वर्षं थांबवलं, त्याच देशाच्या पुढच्या पिढीसाठी तो राबू लागला.

भारताची राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मानत नाही. त्यामागे फाळणीच्या काळाचा इतिहास आहे. कोण कुठला, हे त्या वर्षांत रक्ताने ठरत होतं, तेव्हा घटनाकारांनी एकनिष्ठ नागरिकत्वाची रेघ ठळक ओढली हे समजण्यासारखं आहे. पुढे परदेशस्थ भारतीयांसाठी २००५मध्ये ओसीआय कार्ड आलं. ते आयुष्यभराचा व्हिसा आहे, पण मताचा हक्क देत नाही आणि शेतजमीन घेऊ देत नाही. सुरुवातीला खेळात थोडी मोकळीक होती. टेनिसपटू विजय अमृतराज यांचा अमेरिकी नागरिक असलेला मुलगा प्रकाश डेव्हिस करंडकात भारताकडून खेळला. २००८च्या अखेरीस केंद्र सरकारने ठरवलं की भारताचा पासपोर्ट असणाऱ्यांनीच भारताकडून खेळायचं, आणि ती वाट बंद झाली. न्यूकॅसल आणि संडरलंडकडून खेळलेला मायकेल चोप्रा भारताकडून खेळायची इच्छा बोलून दाखवत राहिला, केरळच्या क्लबकडून खेळलाही, पण ब्रिटनचा पासपोर्ट सोडणं त्याला जमलं नाही. राष्ट्रीय प्रशिक्षक असताना इगोर स्टिमाच हे क्रोएशियन गृहस्थ ओसीआय खेळाडूंसाठी सतत भांडत होते. फिफाचा स्वतःचा नियम तसा उदार आहे: त्या देशाचं नागरिकत्व हवं, आणि शिवाय जन्म, आईवडील, आजीआजोबा किंवा दीर्घ वास्तव्य यांपैकी एक धागा हवा. आपल्याकडे धागे भरपूर आहेत. अडतं ते नागरिकत्वापाशी.

२०२५च्या नोव्हेंबरमध्ये ही गाठ पुन्हा एकदा सुटली. ऑस्ट्रेलियात पर्थला जन्मलेला, पोर्ट्समथ आणि फुलहॅमच्या वाटेने बेंगळुरू एफसीपर्यंत आलेला रायन विल्यम्स ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारताचा नागरिक झाल्याचं जाहीर झालं. त्याची आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन घरातली. आईचे वडील लिंकन ग्रोस्टेट १९५०च्या दशकात संतोष ट्रॉफीत मुंबईकडून खेळलेले. इथे आजोळ हा शब्द अक्षरशः खरा आहे: नातू आजोबांच्या देशात परत आला. पण तोही बत्तिशीत आला.

या विषयावर बोलायला लागलं की कोल्हापूरचा प्रश्न पुढे येतो आणि तो यायलाच हवा. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ या फुटबॉल संघांच्या सामन्यांना शाहू स्टेडियमवर गर्दी लोटते. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत आणि पुणे एफसीच्या अकादमीत तयार होऊन २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. अशा पोरांच्या जागा मिलपिटासच्या आणि बर्मिंगहॅमच्या पोरांनी घ्यायच्या का, असा प्रश्न कुणी विचारला तर त्यात खोट नाही. फिलिपिन्समध्येही हा वाद धुमसत राहिला. तिथला पुरुषांचा संघ २०१९च्या आशियाई करंडकापर्यंत पोचला आणि पुढच्या वेळी पात्रच ठरला नाही. परदेशात घडलेल्या पोरांवर देशाचा फुटबॉल उसना आणता येतो, रुजवता येत नाही, असं म्हणणाऱ्यांना तिथे पुरावा सापडतो.

तरी एक उत्तर त्या मुलींनीच दिलं. बालेवाडीनंतर सहाच महिन्यांत, १७ जुलै २०२२ला, मनिलाच्या रिझाल मेमोरियल स्टेडियमवर त्यांनी थायलंडला ३-० असं हरवून आग्नेय आशियाचं विजेतेपद जिंकलं. या वेळी खुर्च्या रिकाम्या नव्हत्या. बास्केटबॉलच्या देशात मुलींचं फुटबॉल बघायला लोक घराबाहेर पडले होते. त्या गर्दीतल्या एखाद्या मुलीने दुसऱ्या दिवशी बुटाच्या नाड्या बांधल्या असतील तर तिच्यासाठी बोल्डेन बाहेरची नव्हती. अनिकेतसारख्या मुलांना मैदान, प्रशिक्षक, आहार आणि क्लब मिळणं ही गरज आहे. ती परदेशातल्या एखाद्या नातवाला दारात थांबवून भागणार नाही.

आणि मैदान, क्लब यांच्या बाबतीत पुण्याची स्थिती मन विषण्ण करणारी आहे. पुणे एफसीचा वरिष्ठ संघ २०१५ साली बंद झाला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एका हंगामापुरता आला आणि गेला. डीएसके शिवाजियन्स दोन हंगाम आय-लीग खेळून थांबला. एफसी पुणे सिटीमध्ये फ्रान्सचा विश्वविजेता डेव्हिड त्रेझेगे खेळला, २०१७-१८मध्ये संघ उपांत्य फेरीत पोचला, आणि २०१९मध्ये तोही मिटला. चार क्लब, एका दशकाहून थोडा जास्त काळ. १९९४च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभारलेलं बालेवाडीचं संकुल जागेवर आहे. उद्या परदेशातून कुणी अराता वडिलांच्या देशात खेळायला आला, तर पुण्यात त्याने कुठल्या संघाची जर्सी घालायची, याला आज उत्तर नाही.

पुढच्या पानांत अशा अनेक कारकिर्दी येतील. काहींचा शेवट पदकाने होतो, काहींचा कचेरीतल्या फायलीने. त्या वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक म्हणजे, परदेशात वाढलेला खेळाडू मायदेशासाठी खेळतो तेव्हा त्याला बहुतेकदा कुणी मोठं मानधन देत नाही. रजा टाकून, क्लबची नाराजी ओढवून, दोन खंडांत विमानं बदलत तो येतो. दुसरी म्हणजे, त्याची भाषा मोडकी असते, राष्ट्रगीताचे शब्द त्याला कधी पाठ करावे लागतात, आणि याच कारणासाठी त्याच्या निष्ठेवर बोट ठेवलं जातं. इझुमीने नागरिकत्व सोडून दाखवलं. बोल्डेनवर ती वेळ आली नाही. दोघांपैकी कुणाचं प्रेम कमी होतं, असं कुणीही सामने पाहून म्हणणार नाही.

बालेवाडीतच ३ फेब्रुवारीला उपांत्य सामन्यात दक्षिण कोरियाने फिलिपिन्सला २-० असं हरवलं आणि मुली घरी परतल्या. म्हणजे कुणी कॅलिफोर्नियाला, कुणी सैतामाला, कुणी मनिलाला. दीड वर्षाने त्या न्यूझीलंडमध्ये पुन्हा एकत्र आल्या. विश्वचषकाचा पहिला सामना स्वित्झर्लंडकडून २-० असा गेला. २५ जुलै २०२३ला वेलिंग्टनमध्ये यजमान न्यूझीलंड समोर होतं. चोविसाव्या मिनिटाला नॉर्वेत बोडोला जन्मलेल्या सारा एगेसविकने चेंडू गोलसमोर उंच टाकला. बोल्डेन बचावपटूंच्या वर उठली आणि तिने डोक्याने तो आत घातला. फिलिपिन्सचा विश्वचषकातला हा पहिला गोल. पुढे तासाहून अधिक काळ न्यूझीलंडने हल्ले चढवले. शेवटच्या क्षणांत चेंडू गोलकडे निघाला होता, तेव्हा बालेवाडीत किक अडवणारी ऑलिव्हिया मॅकडॅनियल पुन्हा झेपावली आणि तिने तो बाहेर ढकलला. सामना १-० असाच संपला. न्यूझीलंडमध्ये नोकरीला असलेले फिलिपिनो स्टेडियमच्या कोपऱ्याकोपऱ्यांत झेंडे घेऊन उभे होते, आणि मुली धावत त्यांच्याकडे गेल्या.